लांब पिन, आखूड पिन

माणिक,

परवाच्या शोकसभेत तुझ्याबद्दल जे बोललं गेलं, त्यातला माणूस मला ओळखता आला नाही. शांत स्वभाव, कुणाचं मन न दुखावणारा, वादापासून लांब राहणारा. समोर हार घातलेला फोटो तुझाच होता, त्यामुळे चुकीच्या सभेत आलो असं म्हणायलाही जागा नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. ज्याच्याशी आपण वर्षानुवर्षं भांडलो त्याच्याबद्दल सभेत काय बोलतात ते मला माहीत नाही.

बाहेर चपला घालताना मेघनानं गाठलं. म्हणाली, "काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत. लिहून द्या ना. मराठीत लिहा, मला वाचायला वेळ लागला तरी चालेल. बाबांबद्दल इंग्रजीत वाचलं की ते माझ्या ऑफिसातले कुणीतरी वाटतात." तुझ्या मुलीला नाही म्हणणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहितोय. तिच्यासाठी काही गोष्टी सोप्या करून सांगाव्या लागतील, तेवढं तू ऐकून घे.

मी पुण्याहून बालानगरच्या आपल्या शेडमध्ये रुजू झालो, त्या दिवशी मशीनसमोर उभा राहून एका पत्र्याकडे बघत होतो. मागून आवाज आला, "काय बघायलास? हात लावू नक्को, गरम आहे." मला हसू आलं. "हसायलास कायको?" तू विचारलंस. मी म्हटलं, तुमचं मराठी जरा वेगळं आहे. तू टूल काढून पुसत होतास, मान वर न करता म्हणालास, "तुमचं मराठी पेपरातलं. आमचं घरातलं." तुझे आजोबा बिदरकडची शेती भावांच्या ताब्यात देऊन निजामाच्या काळात इथे आले, तू जामबागच्या मराठी शाळेत शिकलास, हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की या माणसाशी आपलं पटणार नाही. त्याच संध्याकाळी तू मला चिक्कडपल्लीतलं घर दाखवायला घेऊन गेलास. मी अजून तिथेच राहतो.

काम काय होतं ते मेघनासाठी सांगतो. वर ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली पोलादाचा, आणि ते दोन्ही एकमेकांना पक्के धरून राहायला हवेत. नेहमीचं वेल्डिंग करायला गेलं तर ॲल्युमिनियम वितळून वाहून जातं, आणि पोलाद वितळण्याच्या जवळपासही पोचलेलं नसतं. म्हणून वितळवायचंच नाही. अंगठ्याएवढं जाड एक टूल, त्याच्या टोकाला बारीक पिन. ते गरगर फिरवत वरच्या पत्र्यात दाबायचं. घासून उष्णता होते, ॲल्युमिनियम कणकेसारखं मऊ पडतं, पिन ते ढवळते, जरा थांबते आणि वर निघते. पत्र्यावर गोल ठसा उरतो आणि त्याच्या मधोमध खळगा. झाला सांधा. पुस्तकात याला फ्रिक्शन स्टर स्पॉट वेल्डिंग म्हणतात. आपण स्पॉट मारणं म्हणायचो.

आता भांडण. ॲल्युमिनियम आणि लोखंड मिसळले की दोघांच्या मध्ये एक तिसराच पदार्थ तयार होतो. तो पातळ असला तर दोघांना धरून ठेवतो, जाड झाला तर काचेसारखा तडकतो. माझं म्हणणं, पिन लांब घ्या, ती पोलादात थोडी घुसू दे, म्हणजे पोलादाचा काठ वर वळून आकड्यासारखा ॲल्युमिनियमला धरेल. मधला थर थोडाफार ठिसूळ असला तरी आकडा आहेच. तुझं म्हणणं, पिन आखूड ठेवा, पोलादाला शिवूच नका. पोलादात घुसली की पिनही झिजते आणि तिथे उष्णताही वाढते. नुसती ऊब पोचू दे, मधला थर पातळ राहील आणि तोच सांधा धरेल. "आकडा लावून धरायला ती काय खिडकी आहे का?" तू म्हणायचास. मी म्हणायचो, तुझा पातळ थर सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर दिसतो, पण गाडी काय सूक्ष्मदर्शकाखाली चालते? तेव्हाच्या चाचण्यांत माझ्या लांब पिनचे सांधे जास्त भार घेत होते, त्यामुळे कंपनीनं माझी पिन घेतली. तू ते मान्य केलंस. पटवून घेतलं नाहीस.

मग रुग्णवाहिकेचं काम आलं. विजेवर चालणारी रुग्णवाहिका बनवणाऱ्या एका कंपनीला बॅटरीखालचा ट्रे हलका हवा होता. वरचं अंग ॲल्युमिनियमचं, खालची चौकट पोलादाची, आणि मध्ये आपले स्पॉट. त्यांचे श्रीनिवास नावाचे इंजिनीअर प्रात्यक्षिक बघायला येणार होते. तू त्यांना पहिल्या फोनपासून तेलुगूत आदरानं म्हणतात तसं 'गारू' म्हणत होतास, म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो.

त्या सकाळी तू नेहमीसारखा नल्लकुंट्याच्या घरून गाडी घेऊन आलास आणि मला घेतलंस. बालानगरपर्यंतच्या अख्ख्या रस्त्यात आपण काय बोललो ते मला आजही आठवतं. मेघनाला कुठल्या कॉलेजात घालायचं, त्याबद्दल तू बोलत होतास. एका कॉलेजची बस घराजवळून जाते, दुसऱ्याची जात नाही. मी तुला मतंही दिली.

प्रात्यक्षिक चांगलं झालं. खेचायच्या मशीनवर आपले तुकडे एकामागून एक चढवले आणि प्रत्येकानं हवा तेवढा भार घेतला. श्रीनिवास गारू खूश दिसत होते. आपले डायरेक्टर चहा सांगायला वळले होते. तेवढ्यात तू शर्टाच्या खिशातून एक तुकडा काढलास आणि त्यांच्या हातात दिलास.

"गारू, ये भी देख लो. हाथ से खोलके देखो."

"हाथ से?"

"हौ. जोर नक्को, आराम से."

त्यांनी दोन्ही पत्रे चिमटीत धरून पिळले. टक् असा बारीक आवाज झाला आणि सांधा उघडला. आत पांढरी भुकटी होती.

"ये कौनसा है?"

"अब्बी मशीन पे देखे ना, उसीका भाई है. नमक की भाप में रख्या था. फिर हिलाया."

श्रीनिवास गारूंनी दोन्ही अर्धे तुकडे शेजारी शेजारी टेबलावर ठेवले, हात रुमालानं पुसले आणि म्हणाले, चहा घेऊ. चहा घेऊन ते गेले. काम गेलं.

मला चाचणीचा धक्का नव्हता बसला. मिठाच्या वाफेच्या पेटीत तुकडे ठेवून मग कंपनाच्या टेबलावर चढवायची चाचणी पुढच्या टप्प्यात व्हायचीच होती. तू ती आपणहून आधीच करून टाकली होतीस. ठीक आहे. पण तो तुकडा तू आदल्या संध्याकाळी कंपनाच्या टेबलावरून उतरवला होतास. म्हणजे सकाळी तो तुझ्या खिशात होता. तो खिशात ठेवून तू मला कॉलेजच्या बसबद्दल विचारत होतास.

सगळे पांगल्यावर मी तेच विचारलं. "गाडीत का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस."

"थांबवलं नसतं. त्यांना पुढची तारीख दिली असती."

"मग तेच थांबवणं झालं ना."

"माणिक, आपण दोघं एका टेबलावर काम करतो. परक्या माणसासमोर तू माझा तुकडा उघडून दाखवलास."

"आपला तुकडा," तू म्हणालास. मग आवाज खाली आणून, "त्या गाडीत मागं माणूस झोपलेला असतो रे. त्याला ना पिन माहीत, ना तारीख."

माझा राग आणखीच वाढला. दुसऱ्या दिवसापासून मी मेट्रोनं आणि पुढं रिक्षानं जायला लागलो. डायरेक्टरांनी प्रकल्प बाजूला ठेवला, मशीनवर ताडपत्री आली. मला दुसरं काम दिलं, तुला दुसरं. कँटीनमध्ये तू एका टोकाला बसायचास, मी दुसऱ्या. वहिनींनी माझ्यासाठी पाठवलेला डबा तू निमूटपणे माझ्या टेबलावर ठेवून जायचास. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, जिला तू पुंटीकूर म्हणायचास. मी डबा खायचो आणि धुऊन परत तुझ्या टेबलावर ठेवायचो. उन्हाळा असाच गेला.

मग एका सकाळी खाली हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं तर तुझी गाडी. मी उगाचच वेळ काढत खाली आलो आणि बसलो. तू गाडी काढलीस. मुशीराबाद मागे पडलं. मग तू म्हणालास, "ताडपत्री काढायला साहेब हौ म्हणाले. पिन छोटी करून बघू. जीआयवर." जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद. मी म्हटलं, बघू. माफी तू मागितली नाहीस, मीही मागितली नाही. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा तू सांगितलंस की मेघनानं बसवालं कॉलेज घेतलं.

त्यानंतरचा काळ मला जास्त आवडतो, पण त्याच्यात सांगण्यासारखं फार नाही. रोजची कामं उरकली की उरलेल्या वेळात आपण स्पॉट मारायचो. जस्तानं फरक पडला. ते आधी मऊ होतं, दाबाखाली बाहेर सरकतं आणि जाताना दोन्ही पत्र्यांमधली घाण घेऊन जातं, त्यामुळे आखूड पिनलाही चांगली पकड मिळायला लागली. पण सुरुवातीला सांधे उघडायचेच. प्रत्येक तुकडा शिकंज्यात धरून मध्ये छिन्नी घालून सोलायचा. सांधा सपाट उघडला तर तू "गेलं" म्हणायचास आणि पुढचा घ्यायचास. पिन आत थांबते तो वेळ कमी करून बघू, मी म्हणायचो, तू वेग वाढवून बघू म्हणायचास, मग आपण पुन्हा भांडायचो. एका दुपारी छिन्नी मारल्यावर सांधा उघडलाच नाही. त्याच्या कडेनं ॲल्युमिनियमचा पत्रा फाटला, आणि फाटलेल्या पत्र्यातलं गोल बटण पोलादावर घट्ट बसून राहिलं. म्हणजे सांधा पत्र्यापेक्षा बळकट झाला होता. तू ते माझ्यापुढे सरकवलंस. "बघ रे पुणेकर."

"एकानं काय होतं," मी म्हटलं.

"हौ. एकानं काही होत नाही." पण त्या दिवशी तू कँटीनमध्ये सगळ्यांना मिर्ची भजी सांगितलीस आणि कशासाठी ते कुणालाच सांगितलं नाहीस.

मधल्या काळात एकदा श्रीनिवास गारू कुठल्याशा प्रदर्शनात भेटले. त्यांनी ट्रे नट-बोल्ट लावून बसवले होते. थोडं वजन वाढलं, गाड्या व्यवस्थित चालतायत, म्हणाले. मला वाटलं तुला वाईट वाटेल. तू मनापासून म्हणालास, "बोल्ट चांगलाच आहे की. काढता येतो, घालता येतो."

तुझं पोट दुखायला लागलं ते तू बरेच दिवस बाहेरच्या खाण्यावर ढकललंस. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे कळलं तोवर फार करण्यासारखं उरलं नव्हतं. दवाखान्याच्या त्या महिन्यांबद्दल मी लिहीत नाही. ते मेघनाला आणि वहिनींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. नंतर तू घरीच होतास. नल्लकुंट्याच्या हॉलमध्ये खिडकीशी तुझी कॉट टाकली होती आणि मी रविवारी येऊन बसायचो. तब्येतीचं विचारलेलं तुला आवडत नसे. तुझा एकच प्रश्न असायचा.

"टेबल चालू आहे?"

"चालू आहे."

आखूड पिनचे तुकडे मिठाच्या पेटीतून निघून कंपनाच्या टेबलावर चढले होते. एका नव्या कंपनीला तिचाकी गाडीच्या बॅटरीसाठी ते हवे होते आणि त्यांनी चाचणी भरपूर लांब मागितली होती.

"फाटलं?"

"अजून नाही."

"फाटलं तर कुठून फाटलं ते बघ. नुसतं फाटलं म्हणून येऊ नक्को."

वहिनी म्हणायच्या, दोघांना दुसरा विषय नाही का? नव्हता. खरं तर होता, पण तो आपण काढत नव्हतो. त्या सांध्याबद्दल तू बरोबर होतास, हे मी तुला कधीच म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर गाडीत गप्प राहिलास तेही बरोबर होतं असा अर्थ तू काढला असतास. तो अर्थ मला आजही मान्य नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निवांत बसून त्या तुला वेगळ्या करून सांगायच्या असं मी दर रविवारी ठरवून यायचो, आणि टेबलाबद्दल बोलून परत जायचो.

शेवटच्या रविवारी तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. मला कान जवळ आणावा लागला. तू म्हणालास, "तुझी लांब पिन पण लाव टेबलावर. जीआयवर मी कधी लावू दिली नाही तुला."

"आता कशाला?"

"मी गेल्यावर म्हणशील, माणिकनं करू दिलं नाही."

मी हसलो. तू हसायचा प्रयत्न केलास, पण खोकला आला आणि वहिनींनी मला उठायची खूण केली. दुसऱ्या दिवशी मी लांब पिननं स्पॉट मारले. त्याच आठवड्यात तू गेलास.

हे एवढं लिहायला मला काही महिने लागले, काल ते तुझ्या घरी घेऊन गेलो. मेघना अडखळत वाचायला लागली, मग कागद माझ्याकडे देऊन म्हणाली, काका तुम्हीच वाचा. प्रात्यक्षिकाच्या सकाळपर्यंत आलो तेव्हा वहिनींनी हातानं थांबवलं.

"त्या दिवशी हे न खाताच निघाले होते, भाऊजी. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, आज पुणेकराला दुखवायचंय मला. मी म्हटलं, मग सांगून टाका ना त्यांना आधी. तर म्हणाले, सांगितलं तर तो इतकं चांगलं समजावून सांगेल की माझ्या हातून व्हायचं नाही."

मला हे माहीत नव्हतं. मग पुढचं वाचलं. संपल्यावर मेघनानं विचारलं, "टेबलाचं काय झालं मग?"

मी तिला सांगितलं. तिला त्यातलं निम्मंच कळलं असेल, पण ती म्हणाली, "हे तर बाबांना कळलंच नाही. ते लिहा ना शेवटी."

तर सांगतो. तू विचारलं असतंस तसंच सांगतो, नुसतं फाटलं म्हणून नाही. तुझे आखूड पिनचे तुकडे चाचणीची मुदत उलटून गेल्यावरही चालत राहिले. शेवटी फाटले तेव्हा सांध्यापासून दूर, ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून फाटले. मी प्रत्येक तुकडा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. मधला थर पातळ आहे, सलग आहे, कुठे तडा नाही. तू बघितला असतास तर माझ्याकडे वळून काहीच बोलला नसतास, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं असतं. नव्या कंपनीला आम्ही तोच सांधा देतोय.

आता माझ्या लांब पिनचं. तेही तुकडे मिठातून आणि कंपनातून निघाले, जीआयवर. तेही पत्र्यातूनच फाटले, माणिक. पिन झिजली, ते तू म्हणाला होतास. पण सांधा धरून राहिला. मी पुन्हा केले, तरी तसंच.

म्हणजे आपला वाद मिटलेला नाही. उद्यापासून मला तो एकट्यालाच चालवायचा आहे. माझी बाजू मला पाठ आहे. तुझी मांडायला बसतो तर पेपरातल्या मराठीतच येते, आणि तशी ती कुणालाच पटायची नाही.